ड्युटी कमी, कुरियरची फीच जास्त: माझा अनुभव

गाडीचा अल्टरनेटर परदेशातून मागवला. पार्सल दारात आलं आणि कुरियरवाल्याने बिल पुढे केलं. पार्टच्या निम्म्या किमतीएवढं! रागारागात पैसे भरले. रात्री बिलाची एकेक ओळ वाचली. सरकारी ड्युटी, म्हणजे आयात कर, थोडीच होती. मोठा आकडा होता कस्टम्समधून माल सोडवण्याच्या कुरियरच्या फीचा.

पुढच्या वेळी ब्रेक कॅलिपर हवे होते. ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला दोन गोष्टी सांगितल्या. पार्सल साध्या टपालाने पाठवा. आणि इन्व्हॉइसवर नुसतं ‘ऑटो पार्ट्स’ नको. पार्टचं नेमकं नाव, एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि पार्ट कुठल्या देशात बनला ते लिहा. ब्रेकचे भाग ८७०८.३० मध्ये येतात, अल्टरनेटर ८५११.५० मध्ये, आणि कोड बदलला की ड्युटीचा दरही बदलू शकतो. दोन देशांत व्यापार करार असेल तर सवलत माल बनला कुठे यावर ठरते, निघाला कुठून यावर नाही.

विक्रेता म्हणाला, “ड्युटी वाचवायला पार्सलवर गिफ्ट लिहू का?” स्पष्ट नाही म्हटलं. पकडलं तर माल जप्त होऊ शकतो, आणि मला ते पटतही नाही.

टपालाने आठवडाभर जास्त घेतला, पण या वेळी फी अगदी किरकोळ लागली.