आयुष्यात कोणते सिनेमे बघायचे? सुरुवात घरापासून करा

'मरण्याआधी बघायलाच हवेत' अशी हजार सिनेमांची यादी हातात आली की माणूस दडपून जातो आणि शेवटी टीव्हीवर जे लागलंय तेच बघत बसतो. हिशेब साधा आहे. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला 52, वीस वर्षांत हजाराच्या आसपास. घाई करायचं कारणच नाही.

मी सोलापूरचा, म्हणून सुरुवात इथूनच केली. आधी चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या डॉ. कोटणीसांवरचा 1946 चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', मग करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013). त्याच्या शेवटी जब्या या पोरानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचं नाव यादीत शोधू नका, धागा पकडा. आवडलेल्या दिग्दर्शकावर कुणाचा प्रभाव होता, ते बघा. सत्यजित राय यांनी 1950 मध्ये लंडनला 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन सिनेमा पाहिला आणि सिनेमा करायचाच असं मनाशी पक्कं केलं. त्यातूनच 1955 चा 'पथेर पांचाली' उभा राहिला. हे दोन्ही लागोपाठच्या रविवारी बघा. रोममध्ये सायकल शोधत बापामागे फिरणारा पोरगा आणि काशफुलांतून आगगाडी बघायला धावणारे अपू-दुर्गा, मला ते एकाच गल्लीतले वाटतात.

एक वही ठेवा. सिनेमाचं नाव, तारीख आणि मनात राहिलेलं एकच दृश्य, बास. महिन्याभरानंतरही ते दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, तर तो सिनेमा पुन्हा बघा, नवा राहिला तरी चालेल.