जँगो फॉर्मच्या क्लीनमध्ये लॉगिन केलेला युजर कसा पोचवला
जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरून केलेला रजेच्या अर्जाचा फॉर्म होता, मागितलेले दिवस त्या माणसाच्या शिल्लक रजेपेक्षा जास्त असले की एरर द्यायचा, पण फॉर्मचा डेटा तपासणाऱ्या क्लीन मेथडला रिक्वेस्ट दिसतच नाही ना, मग युजर आणायचा कुठून? आधी हिडन फील्डमध्ये आयडी टाकला, येडेपणाच तो, ब्राउझरमधून कोणीही बदलेल. मग फॉर्मच्या इनिटमध्ये क्वार्ग्समधून (नावाने दिलेल्या आर्ग्युमेंट्समधून) युजर पॉप केला, म्हणजे बाहेर काढला, सेल्फ डॉट युजरमध्ये ठेवला आणि मगच सुपर, म्हणजे मूळ क्लासचा इनिट, कॉल केला. आधी हा क्रम उलटा होता म्हणून टाइपएरर येत होता, अर्धा तास त्यातच गेला. व्ह्यू क्लासबेस्ड, त्यामुळे त्यात गेट-फॉर्म-क्वार्ग्स ओव्हरराइड करून रिक्वेस्टचा युजर घातला, झालं काम. फॉर्मसेट (एकाच पानावर तसेच अनेक फॉर्म) असेल तर फॉर्म-क्वार्ग्स द्यायचं, जँगो १.९ पासून आहे ते.