एस्पेरांतोचं व्याकरण कसं शिकायचं, मराठी आणि कन्नडचा हात धरून

बेळगावात वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून दोन-तीन भाषा पडतातच, घरात मराठी, बसमध्ये कन्नड, बाजारात दोन्ही मिसळून. एस्पेरांतो म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा. ती तयार करणारा डोळ्यांचा डॉक्टर झामेनहोफ पण असल्याच गावचा, आजच्या पोलंडमधल्या बियालिस्टोकचा, तिथं पोलिश, रशियन, जर्मन, यिद्दिश बोलणारे शेजारी राहायचे आणि आपसात पटायचं नाही. १८८७ साली त्यानं ही भाषा छापून लोकांसमोर ठेवली, व्याकरणाचे नियम फक्त १६. मला ही भाषा जवळची वाटते ती यामुळंच.

आधी शब्दाचं शेपूट बघायची सवय लावा. नाम असलं की शेवटी ओ, विशेषणाला आ. दोमो म्हणजे घर, ग्रान्दा दोमो म्हणजे मोठं घर. अनेकवचनाला दोन्हीकडं य लावायचा, ग्रान्दाय दोमोय. कन्नडमध्ये विशेषण बदलत नाही, पण आपण चांगला-चांगली-चांगले करतोच की, त्यामुळं हे आपल्याला जड जात नाही. आणि तो-ती-ते ची भानगडच नाही, घराला, खुर्चीला लिंग नाही.

मग क्रियापद. आस वर्तमान, इस भूत, ओस भविष्य. मी लेगास म्हणजे मी वाचतो, लेगिस वाचलं, लेगोस वाचीन. हो, तिथंपण मी म्हणजे मीच! बाई बोलू दे नाहीतर बाप्या, रूप तेच, आमच्याकडं बायकापण "मी येतो" म्हणतात तसंच.

आता खरी अडचण, तो न. क्रिया ज्याच्यावर होते त्या शब्दाला शेवटी न लागतो. मी लेगास लिब्रोन, मी पुस्तक वाचतो. मराठीत इथं पुस्तकाला काहीच लागत नाही म्हणून आपण न हमखास विसरतो, मी तर कित्येक महिने विसरत होतो. मग कन्नड आठवली, नानु पुस्तकवन्नु ओदुत्तेने, त्यातला तो अन्नु! तेव्हापासून वाक्य आधी मनात कन्नडमधून म्हणून बघतो, अन्नु आला की न लावतो, चूक जवळजवळ होतच नाही. या न मुळं शब्द पुढंमागं केले तरी चालतात:

ला हुन्दो मोर्दास ला कातोन.
ला कातोन मोर्दास ला हुन्दो.

दोन्हीचा अर्थ एकच, कुत्रा मांजराला चावतो. फक्त हा ला आपला नव्हे बरं का, तो इंग्रजीतल्या द सारखा, नामाच्या आधी येतो आणि कधी बदलत नाही. सुरुवातीला इथं लई गोंधळ होतो.

नकाराला क्रियापदाआधी ने, हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला वाक्याच्या सुरुवातीला चू, हिंदीतल्या क्या सारखं, एवढंच. शब्द पाठ करताना माल लक्षात ठेवा, तो लावला की अर्थ उलटा होतो, बोना चांगलं, मालबोना वाईट, म्हणजे निम्मे शब्द फुकटात. उच्चारात जोर कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर.

सरावाला आपल्या गावचे शब्द घ्या, कुंदा ही बेळगावची मिठाई, त्याला ओ लावला की कुन्दो, आणि खाणे म्हणजे मान्जी. आता "मी चांगला कुंदा खाल्ला" करून बघा. बोना आणि कुन्दो दोघांनाही न लागला पाहिजे:

मी मान्जिस बोनान कुन्दोन.