कोंदट खोलीचा फोटो पुरावा कसा होतो

न्यूयॉर्कच्या बेयार्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीचा जेकब रीसचा फोटो अजूनही पाहिला जातो. फळीवर, जमिनीवर, गाठोड्यांच्या मधल्या जागेत माणसं झोपलेली आहेत. रीस मुळात पोलीस ठाण्याच्या बातम्या देणारा वार्ताहर. त्यामुळे फोटोसोबत त्याने हिशेबही दिला: खोली कुठल्याच बाजूने तेरा फूट भरत नव्हती, आत बारा बायका-पुरुष होते आणि प्रत्येकाकडून झोपण्याच्या जागेचे पाच सेंट घेतले जात. तेरा गुणिले तेरा म्हणजे १६९ चौरस फूट, माणशी जेमतेम १४. नुसता फोटो असता तर लोक हळहळून घरी गेले असते. मापामुळे मात्र त्याचं उत्तर देणं भाग पडलं.

भुसावळच्या रुळांलगतची वस्ती असो, धुळ्यातल्या पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या असोत की अमळनेरच्या जुन्या चाळी, तिथलं राहणं दाखवायचं तर आधी टेप हातात घ्या, कॅमेरा नंतर.

मोजणी

खोलीची लांबी, रुंदी, उंची इंचापर्यंत लिहा. पत्र्याला उतार असेल तर दोन्ही टोकांची उंची घ्या. खिडकीची फक्त उघडणारी जागा मोजा. खिळे ठोकून बंद केलेली झडप धरायची नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट हवी, आणि कोरड्या-उष्ण हवामानात खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश हव्यात. दहा बाय दहाच्या खोलीत दोन बाय दोनची झडप असेल तर दहाऐवजी चारच चौरस फूट मिळाले. हे वाक्य पालिकेला द्यायच्या निवेदनात असंच्या असं लिहा.

माणसं मोजताना ‘घरात किती जण?’ एवढं विचारून थांबू नका. ‘रात्री इथे किती अंथरुणं पडतात?’ हेही विचारा. पाळीवर जाणारा मुलगा, बाहेर ओट्यावर झोपणारे आजोबा पहिल्या प्रश्नात निसटतात. अहिराणीत विचारलं तर उत्तर मोकळं येतं.

अंधार खरा दाखवणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रीसला अंधाऱ्या खोल्या टिपता आल्या त्या १८८७ साली जर्मनीत निघालेल्या मॅग्नेशियमच्या भुकटीमुळे. आधी ती पिस्तुलातून उडवत, पुढे तो तव्यावर पेटवू लागला. या नादात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाही आग लावली. आज उलटी अडचण आहे: मोबाईलचा नाईट मोड काळोखी खोली उजळून टाकतो आणि भर दुपारी दिवा लावावा लागणारं घर हवेशीर दिसू लागतं.

उपाय असा. कॅमेऱ्यात प्रो मोड उघडा. दाराबाहेर गल्लीच्या सावलीत उभं राहून फोटो नीट येईल असं आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) ठरवा.  आता आकड्यांना हात न लावता आत जाऊन खोलीचा फोटो घ्या. तो काळा येईल आणि तोच खरा आहे. दुसरा फोटो आतलं सामान दिसावं म्हणून: आयएसओ ८००, फोन पेटीवर टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून. दोन्ही शेजारी-शेजारी छापा आणि खाली सेटिंग लिहा.

फोनचा फ्लॅश दोनेक मीटरच्या पुढे पोचत नाही. समोरचा चेहरा पांढराफटक होतो आणि मागची मोरी दिसतच नाही. उजेड हवाच असेल तर बॅटरीचा दिवा भिंतीवर धरलेल्या पांढऱ्या चादरीवर मारा. धुराने काळं पडलेल्या छतावर मारून उपयोग नाही, ते उजेड गिळतं.

अल्ट्रावाइड लेन्स वापरू नका. तिने दहा फुटांची खोली वीस फुटांची दिसते. कोपऱ्यात उभं राहा, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा आणि चौकटीत टेप किंवा फूटपट्टी येऊ द्या.

उन्हाळा

आपल्याकडे गर्दीइतकाच पत्रा छळतो. मे महिन्यात दुपारी दोन ते चारमध्ये तापमान घ्या. तापमापक पत्र्याला किंवा भिंतीला टेकवू नका, चुलीजवळ नको. खोलीच्या मध्यावर, जमिनीपासून चार फुटांवर टांगा, वीस मिनिटं थांबा. दुसरं माप त्याच वेळी बाहेर सावलीत. नुसतं आतलं दिलं तर ‘खानदेशात ऊन असतंच’ असं उत्तर मिळतं. पुन्हा रात्री अकराला दोन्ही मापं घ्या. भिंती तापून राहिल्याचं त्यातून दिसतं.

पाणी

१८९१ साली रीसने न्यूयॉर्कच्या पाण्याच्या साप्ताहिक तपासणीत नायट्राइटचा अंश आल्याची नोंद वाचली आणि तो कॅमेरा घेऊन थेट पाणलोटाकडे गेला. वरच्या गावांची घाण पाण्यात पडताना टिपली, आणि पटकीचा जंतू वाहत्या पाण्यात किती दिवस जगतो हे डॉक्टरांना विचारून बातमीला जोड दिली. शहराला पुढे तिथली जमीन विकत घ्यावी लागली. गटारातून गेलेल्या नळजोडणीचा फोटो घेताना तुम्हीही असंच करा: पाणी आलेला दिवस आणि वेळ, त्याच नळाची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी (लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं), मैला ओळखणाऱ्या एचटूएस बाटलीत पाणी भरून २४ ते ४८ तासांनी तिचा फोटो. ती काळी पडली तर पाण्यात मैला मिसळल्याची शंका पक्की धरून प्रयोगशाळेत नमुना द्या.

रीसचं काय घेऊ नये

तो पोलिसांसोबत मध्यरात्री घरात शिरायचा. झोपलेल्या माणसांचे दचकलेले चेहरे त्यातून आले, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे आपण करायचं नाही. घरातल्या बाईला आधी विचारा, काढलेला फोटो दाखवा, नको म्हटलं तर तिच्यासमोर पुसा. झोपलेल्यांऐवजी गुंडाळलेल्या वळकट्या टिपा, मोजणी तेवढीच होते. संडासाची रांग कधीच टिपू नका. किती घरांमागे किती संडास, हे आकड्यात लिहा. भाडेकरूचं नाव आणि जागेची नेमकी खूण बाहेरच्या प्रतीत देऊ नका, खोली रिकामी करायला लावतात.

मूळ फाईल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तारीख-वेळेची नोंद निघून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मागणी

१९०० साली न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या चाळींचं प्रदर्शन भरलं. फोटोंसोबत एका चौकाची पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली होती: ३९ इमारती, २,७८१ माणसं, २६४ संडास, आंघोळीची सोय एकही नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची झाली. न्यूयॉर्कच्याच मलबेरी बेंड या दाट वस्तीचं मात्र वेगळं झालं. वस्ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग उघडली. जे राहत होते ते दुसरीकडच्या गर्दीत गेले. म्हणून निवेदनात ‘वस्ती गलिच्छ आहे’ असं लिहू नका, ते वाचून बुलडोझर येतो. ‘या ४० घरांना ६ संडास, या बोळात गटारावर झाकण, ही नळजोडणी गटाराबाहेर’ असं लिहा. फोटो क्रमांक, माप, मागणी एका ओळीत. पालिकेची पोच घ्या. उत्तर नाही आलं तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि ३० दिवस मोजा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन असतो, तिथे मात्र ठरलेल्या नमुन्यातच अर्ज द्यावा लागतो.

फोटो काढताना उभं राहिलेल्या जागेची खूण वहीत ठेवा: ‘दाराच्या डाव्या चौकटीपासून दोन फूट’. काम झाल्याचं कळवलं जाईल तेव्हा त्याच जागेवरून, त्याच तासाला, त्याच सेटिंगवर पुन्हा फोटो घ्यायचा आहे.