हरणाचा खिमा घरी शिजवताना

हरणाच्या मांसात चरबी फारच कमी असते आणि त्याचा खिमा शिजल्यावर कोरडा व भुसभुशीत होण्याचे मूळ कारण तेच आहे. म्हणून कबाब किंवा टिक्की करायची असेल, तर 500 ग्रॅम खिम्यात 75 ते 100 ग्रॅम डुकराची किंवा मेंढीची चरबी बारीक करून हलक्या हाताने मिसळावी. रश्शात शिजवायचा असल्यास थोडे जास्त तेल पुरते.

गोठवलेला खिमा फ्रीजमध्येच सावकाश वितळू द्यावा आणि शिजवण्याआधी कागदाने टिपून घ्यावा, कारण ओला खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. जाड बुडाचे पातेले चांगले तापवून त्यात खिमा थोडा थोडा पसरावा आणि लगेच ढवळू नये. खालची बाजू तपकिरी होऊन कडा सुटू लागल्या, की मगच उलथण्याने मोडावा. कांदा त्यानंतर घालावा. मसाले बेतानेच वापरावेत, कारण या मांसाची मूळची चव झाकून टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

मांस मुळातच गडद असल्याने नुसत्या रंगावरून ते शिजल्याचे ठरवू नये. टिक्कीच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसून 71 अंश सेल्सिअस दिसताच ती आचेवरून उतरवावी.