जबड्याच्या ऑपरेशननंतर पातळ आहारावरचे दिवस कसे काढावेत

जबड्याचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांचा सगळा जीव ऑपरेशन थिएटरपाशी अडकलेला असतो. खरी कसोटी लागते ती पेशंट घरी आल्यावर. दात तारेने किंवा रबराने आवळून बांधलेले, गाल टम्म सुजलेले, आणि हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, पोटात जाणार ते फक्त पातळ. या काळात वजन झरझर उतरतं. पेशंट दिवसभर काही ना काही पीत असतो, पण नारळपाणी, सरबत आणि डाळीवरचं निवळ पाणी यांनी पोट भरतं आणि अंगी काहीच लागत नाही. म्हणून प्रत्येक पेल्यात काहीतरी दमदार गेलंच पाहिजे, एवढं धरून चाला.

ऑपरेशनच्या आधी

खरेदी आधीच उरकून ठेवा. आपल्या नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या मेडिकलच्या दुकानांत 50 ते 60 मिलीची फीडिंग सिरिंज आणि तिला बसणारी मऊ रबरी नळी मिळते. दोन-तीन संच घ्या. लहान मुलांचा मऊ ब्रश, व्हॅसलीन आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेणही तिथूनच घ्या. भांडी बाजारात गेलात तर बाळाला दूध पाजायचं बोंडलं आणि अगदी बारीक जाळीची गाळणी आणा. सूज उतरल्यावर बोंडलं फार सोयीचं पडतं. एक पाटी किंवा वहीही लागेल, कारण सुरुवातीला बोलणं कोणाला कळत नाही आणि पेशंटची चिडचिड होते.

दात तारेने बांधणार असतील तर तार कापायची कात्री मागून घ्या आणि वेळ आली तर नेमकी कुठली तार कापायची, ते डॉक्टरांकडून समोर उभं राहून समजून घ्या. ती कात्री कायम पेशंटच्या उशाशी हवी, आणि दवाखान्यात जाताना त्याच्या खिशात.

पहिले काही दिवस

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतेच, घाबरू नका. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही. स्ट्रॉने ओढून पिणंही टाळा, त्या ओढीने टाक्यांवर ताण येतो.

भरवायचं कसं

माझा धाकटा भाऊ पेठ रोडवर गाडीवरून घसरला आणि त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याला भरवताना आईने एक पद्धत बसवली होती. त्याला ताठ बसवायचं, गळ्याशी पंचा. नळीचं टोक गालाच्या आतून सरकवत शेवटच्या दाढेच्या मागे न्यायचं, तिथे वर-खाली दात बांधलेले असले तरी थोडी फट असते. मग दट्ट्या अगदी हलका दाबायचा, घोटभर आत गेलं की थांबायचं. त्याने गिळून बोटाने मांडीवर टकटक केलं की पुढचा घोट. घाई केली की ठसका लागतो, आणि बांधलेल्या तोंडाने ठसका फार त्रासदायक.

पदार्थ कोमट हवा, आणि तो आधी तुमच्या मनगटावर टाकून बघा. ऑपरेशननंतर खालचा ओठ आणि हनुवटी बरेचदा बधिर असते, भाजलेलं पेशंटला कळत नाही. ही बधिरता काही आठवडे, कधी काही महिने राहते.

काय द्यावं

एका वेळी फार जात नाही, म्हणून दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं. साठ किलो वजनाच्या माणसाला अशा दिवसांत साधारण 70 ग्रॅम प्रथिनं लागतात. शाकाहारी घरातही ती भरतात: दिवसभरात लिटरभर दूध (सुमारे 32 ग्रॅम), तीन वाट्या दाट कढण (20), चार चमचे दूध पावडर (10) आणि दोन वाट्या दह्याचं घुसळलेलं ताक (10). मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हा हिशोब डॉक्टरांना दाखवूनच ठरवा.

कढणासाठी वाटीभर मुगाची डाळ चार वाट्या पाणी, हळद, हिंग घालून कुकरमध्ये पार गळेपर्यंत शिजवा. मिक्सरमधून फिरवा, गाळा, मीठ आणि चमचाभर तूप घाला. जिरं फोडणीत अख्खं नको, भाजून पूड करून घाला. अख्खा दाणा नळीत अडकतो किंवा टाक्यात जाऊन बसतो. पळीतून तेलासारखी सलग धार पडली म्हणजे जमलं.

पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आपल्याकडे सहज मिळते. तिचं सत्त्व दोन चमचे गार दुधात कालवून मंद आचेवर शिजवा. निवल्यावर ती आळते, म्हणून जरा सैलच उतरवा. नाशिकची भगर घरात असतेच, तिची पेज ताकात फिरवली की पचायला हलकी. सामिष चालत असेल तर बोनलेस चिकन शिजवून त्याच पाण्यात वाटून गाळून द्या. नुसतं हाडांचं सूप चवीला छान, पण त्यात मांसाइतकी प्रथिनं उतरत नाहीत. कच्चं अंडं मात्र नको.

द्राक्षांच्या हंगामात रस द्यायचा मोह होतो. द्या, पण गाळून आणि थोडाच. त्यात मुख्यतः साखर असते आणि आंबट असला तर टाक्यांना झोंबतो. आणि नाशिककराला मिसळीची आठवण येणारच! तर्री या दिवसांत नको, पण मटकी कांदा-खोबऱ्यासह शिजवून, बिनतिखट वाटून, गाळून दिली तर चव ओळखीची लागते. रोज गोड दूध पिऊन जीभ कंटाळते, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

बद्धकोष्ठ होतं, कारण चोथा पोटात जातच नाही आणि दुखण्याच्या काही औषधांनीही पोट धरतं. भिजवलेल्या काळ्या मनुका वाटून, गाळून सकाळी द्या, वरून पाणी भरपूर. वजन आठवड्याला करून लिहून ठेवा. सारखं उतरतच राहिलं तर डॉक्टरांना सांगा.

तोंड आणि औषधं

दर वेळी खाल्ल्यावर आधी साधं पाणी, मग कोमट मिठाच्या पाण्याने चूळ. डॉक्टरांनी दिलेला माउथवॉश सांगितला असेल तेवढाच. ब्रश दातांच्या बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने फिरवा. ओठांना व्हॅसलीन लावत राहा. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद, जखम भरायला त्याने उशीर होतो.

गोळ्यांऐवजी पातळ औषधं लिहून मागा. कुठलीही गोळी आपल्या मनाने कुटू नका, काही गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बदलतो.

ताबडतोब धावायचं केव्हा

उलटी आली तर पेशंटला पुढे वाकवा, तोंड खाली. पातळ आहार असल्याने ती बहुधा दातांच्या फटीतून आणि नाकातून निघून जाते. श्वास कोंडला तर तार कापा आणि 108 ला फोन करा. ताप, चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज, पू, घाण वास, न थांबणारं लालभडक रक्त, किंवा दात आधीसारखे न जुळणं, यांपैकी काहीही दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तार सुटल्यावर

तोंड लगेच पूर्ण उघडत नाही, जबडा आखडलेला असतो. सांगितलेले व्यायाम रोज करावेत, जोर लावून नाही. खाणं गुरगुट्या भात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी असं हळूहळू वाढवा. भाकरी, फुटाणे, चिक्की, सुपारी मात्र डॉक्टरांनी एक्स-रे बघून परवानगी दिल्यावरच.