बाहुलीचे डोळे खरे वाटावेत म्हणून

रीपेंट केलेली, म्हणजे जुना रंग काढून चेहरा नव्याने रंगवलेली बाहुली टक लावून बघतेय असं वाटतं, कारण बहुतेक वेळा बुबुळ पूर्ण गोल काढलेलं असतं. माणसाच्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. तेवढाच झाका. डोळ्याचा पांढरा भागही शुद्ध पांढरा नको. त्यात कणभर राखाडी किंवा फिकट गुलाबी मिसळा आणि वरच्या पापणीखाली हलकी सावली द्या. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळू नका, दोन्ही टप्प्याटप्प्याने एकत्र रंगवा. मधे मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघा, तिरकेपणा लगेच पकडला जातो. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

भुवया मात्र एका रेषेत ओढायच्या नाहीत. वॉटरकलर पेन्सिलला टोक काढून केस सुटा सुटा काढायचा. गालांना सॉफ्ट पेस्टलची (खडूसारख्या रंगकांडीची) पूड. हे सगळं मॅट सीलरच्या, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बिनचमकेच्या स्प्रेच्या थरावरच धरतं, आणि मुंबईत खरी कटकट तिथेच! दमट हवेत स्प्रे मारला की चेहऱ्यावर पांढुरका धुरकटपणा येतो. पावसाळ्यात उघडीप बघून, कोरड्या दुपारी, गॅलरीत मास्क लावून पातळ थर द्या. तोवर लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघून या, रेघ कशी सोडतात ते कळेल.

जुना रंग काढायला अ‍ॅसिटोन फक्त मऊ व्हिनाइलच्या डोक्यावर वापरा. कडक प्लॅस्टिक त्याने विरघळतं.